सहनशीलतेचे सहा गुण

२७ ऑक्टोबर, सोमवार

बायकोची, दुर्गाची, दवाखान्यातून ऑर्डर आली. बढती. इंचार्ज सिस्टर. ठिकाण मुलचेरा, इथून बसने पाच-सहा तास. एक डिसेंबरपर्यंत रुजू व्हायचं, नाहीतर नकार लिहून द्यायचा.

अभिनंदन केलं. तोंडाने. वरोऱ्यात माझं बस्तान बसलेलं आहे. 'शिखर नेतृत्व विकास वर्ग' आता अशा टप्प्यावर आहे की मला हलणं शक्य नाही. तीन विद्यार्थी आहेत, त्यातले दोन नियमित येतात. मुलचेऱ्यात कुणाला नेतृत्व शिकवू?

दुर्गा म्हणाली, "मले तुमाले एक सांगाचं आहे." मी म्हटलं, आत्ता नको, शांत डोक्याने बोलू. बिचारी गोंधळली आहे. तिला मार्गदर्शन लागणार.

संकल्प: जबरदस्ती करायची नाही. तिचं तिलाच जावंसं वाटलं नाही पाहिजे.

२८ ऑक्टोबर, सकाळ

दाढी करताना उपाय सुचला. दिवाळीत पुण्याचा भाचा आला होता, त्याने एक गेम समजावून सांगितला होता. चार-पाच जण गोल बसतात. प्रत्येकाला एक पात्र: योद्धा, जादूगार, वैद्य वगैरे. एक जण गोष्ट रचतो आणि पुढे नेतो, तो गेम मास्टर. प्रत्येक पात्राला दहा गुण मिळतात, ते निरनिराळ्या कौशल्यांत वाटायचे. तलवार चार, घोडेस्वारी सहा, असं. काही करायचं झालं की फासा टाकायचा आणि आकड्यात कौशल्याचे गुण मिळवायचे. बेरीज पुरेशी झाली की जमलं, नाहीतर नाही जमलं. या सगळ्या टोळीला पार्टी म्हणतात.

भाचा असंही म्हणाला होता की मामा, यात ऐकून घ्यावं लागतं. बाकीच्यांना, असं त्याला म्हणायचं असावं.

पार्टीतून वैद्य निघून गेला की पार्टी मरते. हे दुर्गाला गेममधून समजलं म्हणजे काम झालं. मला एक शब्द बोलावा लागणार नाही.

३० ऑक्टोबर

पार्टी तयार. दिवसभर बसून प्रत्येकाला उपयुक्त कौशल्यं निवडली. माणूस ओळखण्यात माझा हात धरणारा निदान वरोरा तालुक्यात तरी नाही.

कुलदीप (मोबाईल रिपेअरिंगचं दुकान, माझा मित्र): योद्धा. तलवार सात, गर्जना तीन.

गुणवंतराव (सासरे, चिमूरकडचे, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आले, डोळा बरा झाला, ते गेले नाहीत): जादूगार. मंत्र दहा.

रीता मंडल (वरच्या मजल्यावरची भाडेकरू, पार्लर चालवते): चोर. कुलूप उघडणे पाच, पाय न वाजवणे पाच. हिचं माहेर मुलचेऱ्याजवळच्या बंगाली वस्तीतलं आहे, पण त्याचा गेमशी संबंध नाही.

दुर्गा: वैद्य. उपचार तीन, आज्ञापालन एक, सहनशीलता सहा.

सहनशीलतेचा नियम माझा स्वतःचा आहे. अपयश आलं की सहनशीलतेचा एक गुण खर्च करायचा आणि पुन्हा प्रयत्न करायचा. घरातल्या बाईला हे कौशल्य फार उपयोगी पडतं.

मी स्वतः: वीर अतुलसेन, पार्टीचा नेता. नेतृत्व दहा, वक्तृत्व दहा, तलवार दहा. गेम मास्टरने स्वतः खेळू नये असा नियम आहे म्हणे. तो सर्वसाधारण गेम मास्टरसाठी असणार.

दुर्गाने आपला कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "सहनशीलता हे काय कौशल्य होय का?" मी म्हटलं, सगळ्यात मोठं. तिने कागद घडी करून ठेवला. पटलं.

२ नोव्हेंबर, रविवार

पहिला डाव, दुपारी, हॉलमध्ये सतरंजीवर.

सुरुवातच बिनसली. मी सासऱ्यांना 'रविवारी पार्टी आहे' एवढंच सांगितलं होतं. ते सकाळपासून जेवले नव्हते. आल्या आल्या विचारलं, "मटन कुठी शिजून राह्यलं, जवाईबापू?" पार्टी म्हणजे टोळी, हे समजावलं. ते म्हणाले, "मंग टोळी म्हनाचं ना." दुर्गाने त्यांना पोहे दिले.

वीस बाजूंचा फासा ऑनलाइन मागवला होता, तो आला नाही. म्हणून हाऊजीच्या सोंगट्यांतल्या एक ते वीस काढल्या आणि सासऱ्यांच्या सुपारीच्या डब्यात टाकल्या. डबा त्यांचा असल्यामुळे सोंगट्या तेच काढणार म्हणाले. गणपतीत गावात हाऊजी पुकारायचा मान त्यांच्याकडेच असतो. प्रत्येक आकडा ते ओरडून सांगतात: "एक न् चार, चवदाऽ!" आणि सोंगटी सतरंजीवर मांडून ठेवतात. मी म्हटलं, ती परत डब्यात टाका. ते म्हणाले, "निघालेला नंबर वापस टाकत नसते. डबा खाली झाला की मंगच भराचा. मी काय आज पुकारून राह्यलो का?" वडीलधाऱ्या माणसाशी कुठे वाद घालायचा. किरकोळ बाब आहे. राहू दिलं.

किल्ल्याच्या दरवाज्यापाशी पार्टी अडली. मी कुलदीपला तलवार काढायचा आदेश दिला. कुलदीप म्हणाला, "भाऊ, तलवार काऊन? दरवानासंग ओळख काढतो ना. गाव कोनतं त्याचं?" मी म्हटलं, तुझ्याकडे ओळख हे कौशल्य नाही. तो म्हणाला, "वरोऱ्याचा मानूस अन् ओळख नाई? असं कसं जमन?"

सासरे जादूगार व्हायला तयार नाहीत. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, म्हातारपणी पोलीस ठाणं नको, म्हणाले. रीताही रुसली. तिचं म्हणणं, "दादा, मेरे कोच चोर काऊन बनवलं? भाडा टाइम पे देते ना मी?"

उठताना दुर्गा म्हणाली, "आता तरी आइका, मले एक सांगाचं होतं." मी म्हटलं, पुढच्या डावाची तयारी करायची आहे, नंतर. तिचा चेहरा विचारात पडल्यासारखा दिसला. गेमचा परिणाम सुरू झाला.

६ नोव्हेंबर

बंड. तिघांनी मिळून माझी कौशल्यं खोडली आणि आपापली लिहून आणली.

कुलदीप: ओळख दहा. रीता: भाव करणे दहा. सासरे: शेतकरी, रानडुक्कर हाकलणे दहा.

मी समजावलं की काल्पनिक जगात रानडुकरं नसतात. सासरे म्हणाले, "धान आहे का तिथी? मंग डुक्कर येतेच."

दुर्गाने मात्र काहीही बदललं नाही. सहनशीलता सहा जशीच्या तशी. म्हणाली, "राहू द्या. कामी येते." पार्टीत एकच समजूतदार माणूस आहे आणि ती माझी बायको आहे. मला तिचा अभिमान वाटला. अशा बाईला मुलचेऱ्याला कसं जाऊ द्यायचं?

एक विद्यार्थी वर्ग सोडून गेला. कारण सांगितलं नाही. नेतृत्वगुण असलेली मुलं कारणं सांगत बसत नाहीत.

९ नोव्हेंबर, रविवार

आज ड्रॅगन आणला. शेवटचा शत्रू म्हणून राखून ठेवला होता, पण पार्टी हाताबाहेर चालली होती, म्हणून दुसऱ्याच डावात काढला. आठवडाभर तयारी केली. आग ओकणारा, डोंगराएवढा. वीर अतुलसेनाशिवाय कुणाकडून मरणार नाही अशी व्यवस्था होती.

मी वर्णन करत होतो. ड्रॅगन गावावर उतरतो, त्याच्या पंखांच्या वाऱ्याने शेतं आडवी होतात. इथे सासऱ्यांनी थांबवलं. "धानात उतरला का तो?" मी म्हटलं, हो. "लोंबीवर आलेल्या?" मी म्हटलं, असेल. "पंचनामा कोन करन?" मी म्हटलं, हे काल्पनिक राज्य आहे, इथे पंचनामा नसतो. ते म्हणाले, "मंग टिनाचा डबा वाजवतो." आणि सोंगटी काढली. "एक न् आठ, अठराऽ!" त्यात हाकलण्याचे दहा. मी ड्रॅगनसाठी पंचवीस ठरवले होते.

ड्रॅगन पळाला. वीर अतुलसेनाची तलवार म्यानातून निघालीसुद्धा नव्हती.

मग दुर्गा म्हणाली, "पळताना तो एका पंखावर झुकत होता का?" मी नाटकीपणाच्या भरात तसं बोलून गेलो होतो. तिने त्याला परत बोलावलं. उपचार केला. पंखात काटा निघाला. एक सोंगटी वाया गेली, तिने सहनशीलतेचा गुण द्यायला घेतला. मी उदार मनाने म्हटलं, राहू दे, जनावरांचे उपचार तुझ्या कोर्सला नव्हते, हा प्रयत्न मोजत नाही. दुसरी सोंगटी सतराची निघाली. ड्रॅगन बरा झाला आणि तिच्या मागे मागे फिरू लागला. रीताने त्याचं नाव 'बाबू' ठेवलं.

असो. दुर्गाच्या मनात सेवाभाव जागा झाला, हा या डावाचा फायदा. आता फक्त तो वरोऱ्यात ठेवायचा आहे.

१२ नोव्हेंबर

रविवारसाठी रामबाण डाव रचला. पार्टीतल्या वैद्याला एका दूरच्या राज्याकडून बोलावणं येतं. मोठं पद, मान. पण ते राज्य भयाण आहे. डास, दलदल, अंधार, कुठेही निरोप पोचत नाही. तिथे जायचं तर नेमका वीसचा आकडा यायला हवा. कौशल्याचे गुण मिळवायचे नाहीत. प्रत्येक अपयशाला सहनशीलतेचा एक गुण जाणार आणि सहाही संपले की जाण्याची इच्छा कायमची सोडायची.

हिशेब करून पाहिला. विसातला एकच आकडा, प्रयत्न जेमतेम सहा. जमणं अवघड. आणि दोष कुणाचाच नाही, नशिबाचा.

राज्याचं नाव ठेवलं मुलचीर. कुणाच्या लक्षात येणार नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळ



दुपारभर पार्टीने भलत्याच गोष्टींवर सोंगट्या उधळल्या. रीताने नावाड्याशी भाव केला. कुलदीपने नदीपलीकडच्या कोतवालाशी ओळख काढली, कोतवालाच्या साळ्याशी काढली. सासऱ्यांनी माकडं हाकलली, कोल्हे हाकलले, एक साधू हाकलला. प्रत्येक निघालेली सोंगटी सतरंजीवर ओळीने मांडत गेले. मी लक्ष दिलं नाही. मी वक्तृत्वाची तयारी करत होतो.

मग मुलचीरचं बोलावणं आणलं. वर्णन केलं. दलदल म्हणताच रीता ताठ बसली. "दादा, हा मुलचेरा आहे ना?" मी म्हटलं, छे, काल्पनिक आहे. ती म्हणाली, "हमारे उधर दलदल नाई, तलाव आहे. मच्छी आहे. टॉवर बी आहे. मेरी माँ तिथून रोज मले व्हिडिओ कॉल करते." पाच मिनिटं मुलचेऱ्याची स्तुती झाली. सासऱ्यांनी माशांबद्दल बरेच प्रश्न विचारले.

मी नियम सांगितला. दुर्गा शांतपणे म्हणाली, "बाबा, काढा."

पहिली सोंगटी, तीन. दुर्गाने कागदावर सहाचे पाच केले. दुसरी, अकरा. तिसरी, सात. मी मनातून खूश होतो, पण चेहऱ्यावर सहानुभूती ठेवली होती. चौथी, सोळा. तेव्हा सासरे सतरंजीकडे बोट दाखवून म्हणाले, "काऊन घाबरते वं? डब्यात दोनच राह्यले. एक न् वीस."

मी सतरंजीकडे पाहिलं. बाकीचे सगळे आकडे तिथे ओळीने पडलेले होते. निघालेला नंबर वापस टाकत नसते.

पाचवी, एक. सहनशीलता उरली एक. सहावी काढायच्या आधीच सासरे पुकारायला लागले होते: "दोन न् शून्य, वीसाऽऽ!"

दुर्गा बाबूवर बसली. रीता म्हणाली, मीही येते. कुलदीप म्हणाला, तिकडे आपली ओळख आहे. सासरे म्हणाले, मासे आहेत तर मीही बसतो. बाबूवर वीर अतुलसेनासाठी जागा उरली नाही.

मी म्हटलं, थांबा. नेता मी आहे. नेतृत्वावर सोंगटी काढतो, दहा गुण आहेत माझे. डब्यात हात घातला. सुपारीचं खांड निघालं.

सगळे हसले. मीही हसलो.

चहा करताना दुर्गाने शेवटी सांगितलं. ऑर्डर आली त्याच दिवशी तिने रुजू होते म्हणून लिहून दिलं होतं. "तेच तं सांगाचं होतं तुमाले. तुमी आइकतच नव्हते." मी विचारलं, मग हा सगळा खेळ? वीस आला नसता तर? ती म्हणाली, "वीस नसता आला तरी मी जानारच होतो. पण बाबाले मजा येऊन राह्यली होती."

२३ नोव्हेंबर

धोरण बदललं. तिला जाऊ द्यायचं. महिनाभरात कळेल. मी इथून नेतृत्व करीन, फोनवर.

रीताच्या आईने खोली पाहून ठेवली आहे. टेम्पोवाला कुलदीपच्या ओळखीचा निघाला.

२९ नोव्हेंबर, शनिवार

गेले. दुर्गासोबत सासरेही गेले. "दोन महिने राहून पाहतो," म्हणाले. सुपारीचा डबा घेऊन गेले, सोंगट्यांसकट.

मी दाराशी उभं राहून करायचं एक छोटंसं भाषण तयार ठेवलं होतं. टेम्पो लवकर सुटला.

२ डिसेंबर

भात करपला. कुकरची शिट्टी मोजताना फोन आला, म्हणून. फोन दुर्गाचा नव्हता. वर्ग स्थगित. नियमित येणारा एकच विद्यार्थी उरला होता, त्याला मी म्हटलं, आपण दोघं मिळून टीम होऊ. तोही येईनासा झाला.

दुर्गाला फोनवर सांगितलं की सगळं उत्तम चाललं आहे. तिने विचारलं, काय जेवलात? मी विषय बदलला.

५ डिसेंबर

घर फार शांत आहे. मला करमत नाही. हे इथेच लिहितो, दुसरीकडे बोलणार नाही.

७ डिसेंबर, रविवार

व्हिडिओवर डाव झाला. गेम मास्टर दुर्गा. तिच्या मागे खाट, खिडकी आणि खिडकीत सासरे, डबा हलवत. रीता आणि कुलदीप माझ्याकडे हॉलमध्ये.

मी म्हटलं, वीर अतुलसेन हजर आहे. दुर्गा म्हणाली, पार्टी मुलचीरला पोचली आहे, इथे नेत्याची जागा नाही, खेचराची आहे. खेचर चालेल का?

कुलदीप खोकल्याचं नाटक करत होता. मी म्हटलं, चालेल. मग तिने विचारलं, "तुमाले खरंच काय काय जमते ते सांगा. दहा गुण आहे. तुमचे तुमीच वाटा."

 नेतृत्व म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. शेवटी म्हटलं, ओझं वाहणे चार. कुकर लावणे एक, तोही करपतो. उरलेले पाच गप राहण्यात टाक, ते जमत नाही पण शिकतो.

कुणीच हसलं नाही. ती म्हणाली, "ते सहनशीलता सहा देल्ली होती ना तुमी. पाच खर्च झाली. एक राह्यली आहे. शनिवारच्या बसनं या."

सासऱ्यांनी मागून पुकारलं, "एकटा नंबर, एकऽ!"

संकल्प: जायचं. रुबाब न करता जायचं. सूचना, सल्ला, मार्गदर्शन, सगळं बंद. फक्त खेचर.

१३ डिसेंबर, शनिवार, मुलचेरा

आष्टीच्या पुढे बस लागली, तरी तक्रार केली नाही. स्टँडवर दुर्गा आणि सासरे घ्यायला आले होते. मला खूप बरं वाटलं. दोन बॅगा, गॅसची शेगडी आणि रीताने आईसाठी दिलेला बोजा मी एकट्याने उचलला. दुर्गाने विचारलं, प्रवास कसा झाला? मी नुसती मान हलवली. ती हसली.

गप राहणं ऑटोपर्यंत जमलं. मग ऑटोवाला चुकीच्या रस्त्याने चालला आहे असं मला वाटलं आणि मी त्याला मुलचेऱ्याचे रस्ते समजावून सांगायला लागलो.

दुर्गा म्हणाली, "बाबा, डबा काढा."